कांबळेबाई आणि केबलचा तुकडा

आमच्या कारखान्यात नवीन आलेला कुठलाही इंजिनिअर पहिल्या आठवड्यात एकदा तरी स्टोअरच्या खिडकीवरून हात हलवत परत येई. "ती बाई देत नाही," एवढंच सांगे आणि खुर्चीत बसे. आम्ही जुनी मंडळी हसायचो. आम्हीही सगळे तसेच परत आलेलो होतो.

ती बाई म्हणजे शोभा कांबळे. शिरोलीच्या एमआयडीसीत आमचा विजेचे कंट्रोल पॅनेल बनवणारा छोटा कारखाना आहे, आणि तिथलं स्टोअर पंचवीसेक वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. दहावी झाल्यावर त्या पॅकिंगच्या कामाला लागल्या. खोक्यांवरची इंग्रजी अक्षरं वाचता वाचता खोक्यातल्या वस्तू शिकल्या, आणि आमच्यासारखे डिग्रीवाले येईपर्यंत त्या वस्तूंच्या बाबतीत त्यांना हरवेल असं कारखान्यात कुणी उरलं नव्हतं. ठेंगणा बांधा, नाकावर घसरलेला चष्मा, आणि आवाज असा की खिडकीत हळू बोलल्या तरी टेस्टिंगच्या खोलीत ऐकू यावं. अस्सल कोल्हापूरच्या बाईसारख्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत. पुण्याहून आलेल्या एका पोरीला ते फार नवलाचं वाटायचं. आम्हाला त्यात काही वाटत नसे.

त्यांचं आणि माझं भांडण सुरू झालं ते ग्लँडवरून. ग्लँड म्हणजे काय, ते सांगतो. विजेची केबल ज्या भोकातून पेटीत किंवा मोटारीत शिरते, त्या भोकावर बसवायची ही आट्यांची एक छोटी वस्तू, पितळेची नाहीतर प्लास्टिकची. आत रबराचं कडं असतं. वरची टोपी आवळली की ते रबर केबलला चौफेर घट्ट धरतं. मग केबल कुणी ओढली तरी आतल्या जोडावर ताण येत नाही, आणि पाणी, धूळ, पाल यातलं काही आत शिरत नाही. पण रबर केबलच्या जाडीला बसलं पाहिजे. ते बसलं नाही, तर तो ग्लँड नसल्यातच जमा.

मी नवीन असताना चिठ्ठीवर लिहून नेलं होतं, 'ग्लँड, वीस नग.'

बाईंनी चिठ्ठी वाचली, उलटून मागची बाजूही बघितली. "वीस नग म्हंजे? शेवग्याच्या शेंगा हायत व्हय? केबल कसली?"

"चार कोअर, अडीच स्क्वेअर."

"ते आतल्या तांब्याचं झालं. भाईरनं किती जाड हाय?"

मी कॅटलॉग उघडायला लागलो. बाई म्हणाल्या, "हाडाचं माप घिऊन कुणी शर्ट शिवतंय व्हय? तुकडा आणा."

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. माघार घ्यायची नाही हे आम्हाला तालमीच्या दारात आणि फुटबॉलच्या मैदानात शिकवतात, आणि ते कुठे वापरायचं आणि कुठे नाही हे मात्र कुणी शिकवत नाही. मी म्हणालो, "कंपनीनं छापलेलं खोटं आहे का?"

"छापलेलं खरं हाय. पर तुमच्या मालकांनी केबल त्याच कंपनीची घेतलीय का, ते छापलेलं न्हाय."

मी खाली जाऊन बंडलातनं वीतभर केबल कापून आणली. बाईंनी ती व्हर्नियरमध्ये, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्यात, धरली. कॅटलॉगपेक्षा दीड मिलिमीटर जाड निघाली. केबल दुसऱ्याच कंपनीची होती. त्यांनी मला एक आकडा मोठे ग्लँड दिले, तुकड्यावर कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर कामाचं नाव लिहिलं आणि तो मागच्या पत्र्याच्या डब्यात टाकला. एका शब्दानेही टोमणा मारला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

पुढे कळलं की बाईंचा कायदा एकच आहे: तुकडा आणल्याशिवाय ग्लँड नाही. मालक आले तरी नाही. मोबाइल आल्यावर पोरं साइटवरून केबलचे फोटो पाठवायला लागली. बाई म्हणायच्या, "फोटोत नवरी बी गोरी दिसतीया. तुकडा आणा." आणि तुकडा आणला की तीन प्रश्न विचारायच्या, प्रत्येकाला, दर वेळी, त्याच क्रमाने: "भिजतंय का? हलतंय का? तापतंय का?" भिजत असेल तर रबर कुठलं आणि केबल खालच्या बाजूने आत घ्यायची की नाही, हलत असेल तर ओढ सोसणारी पकड, तापत असेल, म्हणजे भट्टीजवळ वगैरे, तर प्लास्टिक अजिबात नाही. ग्लँड निवडण्याचं जेवढं शास्त्र मी आज नवीन पोरांना शिकवतो, ते या तीन प्रश्नांच्या बाहेर फारसं जात नाही. मी ते माझ्या नावावर खपवतो, हेही इथेच सांगून टाकतो.

एकदा एक विक्रेता आला. कडक इस्त्री, चामड्याची बॅग, ओठांवर इंग्रजी. क्रेनला जी बटणांची पेटी केबलला लोंबत असते, तिच्यासाठी त्याने नवीन कॉर्ड ग्रिप आणली होती. केबलला लोंबत्या वजनासकट धरून ठेवणारी ही पकड. चांगल्या पकडीला वरून तारेच्या जाळीचा मोजा असतो, याच्या पकडीला तो नव्हता. "मॅडम, पंचवीस किलो आरामात घेते," तो म्हणाला. बाईंनी ती पकड एका केबलवर आवळली, रॅकच्या लोखंडी दांडीला अडकवली आणि केबलच्या खालच्या टोकाला हुक बांधला.

"बॅग द्या तुमची."

"मॅडम, बॅगेत लॅपटॉप आहे."

"असू दे की. लॅपटॉप काय पंचवीस किलोचा असतोय?"

विक्रेत्याने बॅग छातीशी धरली आणि हसायचा प्रयत्न केला. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या वस्तूवर तुमचाच भरवसा न्हाय. आमचा माणूस त्या बटणाखाली आठ तास हुबा ऱ्हातोय." मग त्याला चहा पाजला आणि जाळीची पकड आणली तर पुन्हा ये म्हणून सांगितलं. महिन्याभरात तो जाळीची पकड घेऊन आला, आणि या खेपेला बॅग त्याने स्वतःहून हुकाला अडकवली. बाईंनी ऑर्डर मालकांकडून त्याच दिवशी मंजूर करून घेतली.

कारखान्याबाहेरही त्यांना हे चैन पडू देत नसे. एका चौदा एप्रिलला मी त्यांच्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत गेलो होतो, म्हणजे त्यांनीच बोलावलं होतं. बाई पांढरीशुभ्र साडी नेसून बायकांच्या पुढे चालत होत्या. मध्येच थांबल्या. आवाजाच्या गाडीला जनरेटरची जी केबल गेली होती, ती पत्र्याला पाडलेल्या उघड्या भोकातून घासत होती. बाईंनी हात वर केला आणि मिरवणूक थांबवली. पोरं कावली. एक जण म्हणाला, "मावशे, आत्ता व्हय?" बाईंनी पर्समधून एक प्लास्टिकचा ग्लँड काढला. हो, त्यांच्या पर्समध्ये रुमाल आणि किल्ल्यांबरोबर दोन-तीन ग्लँड कायम असत. जनरेटर बंद करायला लावून त्यांनी तो माझ्याकडून बसवून घेतला, भर रस्त्यात, चारशे माणसांसमोर. "नाचू दे पोरं," मला म्हणाल्या, "पर जिती ऱ्हाऊ देत." पाच मिनिटांत मिरवणूक पुढे गेली, आणि बाई अशा चालायला लागल्या जणू चपलेतला खडा काढायला थांबल्या होत्या.

एव्हाना आमचं भांडण मिटलं होतं. मला तुकडा नेण्याची सवय लागली होती आणि बाई मला 'पेठेतलं साहेब' म्हणायला लागल्या होत्या, त्यात थोडी थट्टा आणि थोडी माया असे. त्या मायेचाच मी एकदा फायदा घेतला. सांगायला जड जातंय, पण ते टाळून बाईंबद्दल लिहिणं म्हणजे भाषण ठोकणं होईल.

गगनबावड्याकडे एका दूध संकलन केंद्राचं काम होतं. दूध गार करायचं यंत्र, आणि कॅन धुवायला बोअरचा पंप. पंपाच्या स्टार्टरची पेटी बाहेरच्या भिंतीवर बसणार होती. मे महिना संपत आला होता, आणि गगनबावड्याचा पाऊस कुणाची वाट बघत नाही. टेम्पो भरून दारात उभा होता. पंपाची केबल तिथेच, केंद्रावर होती. ती मी पाहिली नव्हती.

"तुकडा?" बाईंनी विचारलं.

"तुकडा गगनबावड्यात आहे. साधी गोल केबल आहे बाई, पंधरा मिलिमीटर धरा."

"बघितलीसा?"

"बघितली," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. त्या म्हणाल्या, "तुमचा शब्द म्हंजे तुकडा समजतो मी," आणि ग्लँड खिडकीतून बाहेर सरकवले. पंचवीस वर्षांत ती एकच वेळ. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बोअरच्या पंपाची केबल बहुतेक वेळा चपटी असते. तीन वायरी शेजारी शेजारी, वरून एक पट्टी. हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे, मलाही माहीत होतं, फक्त त्या दिवशी आठवायला मी थांबलो नाही. चपटी केबल गोल ग्लँडमध्ये घातली की दोन्ही बाजूंना फट राहते. आमच्या फिटरनी तिथे जे केलं ते आपल्याकडे सगळेच करतात: काळी टेप गुंडाळत गुंडाळत केबलचा गोळा केला आणि तो ग्लँडमध्ये दामटला. वरून बघितलं तर झकास दिसत होतं.

जुलैत फोन आला. केंद्रावर दत्ता म्हणून एक माणूस कॅन धुवायचा आणि पंप चालू-बंद करायचा. तो म्हणाला, "साहेब, पेटीला हात लावला की मुंग्या येत्यात." मी म्हणालो, अर्थिंग बघायला माणूस पाठवतो, सोमवारी. तो दिवस गुरुवार होता. बाई कुठल्याशा सहीसाठी माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"दत्ता, मी कांबळेबाई बोलतो. पेटी भिजतीया का?"

"झड सरळ पेटीवरच येतीया बघा."

"केबल गोल हाय का चपटी?"

"चपटी की. टेपचा गोळा केलाय तितं."

बाई म्हणाल्या, "पेटीला हात लावू नगंस. मागल्या खोलीतला मेन स्विच कोरड्या हातानं, पायात चप्पल घालून पाड. कुणी चालू करा म्हटलं तर माझं नाव सांग. मी यायलोय." फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "गाडी काढा."

वाटेत त्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि तीत चपट्या भोकाची रबरं. कळे गाव मागे गेलं, पुढे पाऊस इतका वाढला की काचेतून रस्ता दिसेना, तरी त्या पुढेच बघत होत्या.

केंद्रावर सचिव तापला होता. संध्याकाळचं दूध यायची वेळ झाली होती आणि कॅन धुवायला पाणी नव्हतं. "दोन तासांनी खोला पेटी," तो म्हणाला, "दूध नासलं तर गाव मला सोडंल व्हय?" त्याने दत्ताला स्विच चालू करायला सांगितलं. दत्ता हलला. बाई त्याच्याआधी मागच्या खोलीत गेल्या आणि मेन स्विचला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"दूध नासलं तर उद्या परत येतंय," त्या म्हणाल्या. "ह्यो परत येणार न्हाय."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. सचिवाने विहिरीवरून पाणी आणायला माणसं पाठवली. मी पेटी उघडली. तळाला बोटभर पाणी साठलं होतं, जोडांवर हिरवा कळंक चढला होता. टेपच्या गोळ्यातून पाणी केबलच्या अंगाने आत येत होतं. अर्थिंगची तार गंजून एका काडीवर राहिली होती. त्या काडीमुळेच आजवर नुसत्या मुंग्यांवर निभावलं होतं. दत्ता दिवसातून आठ-दहा वेळा, ओल्या हाताने, अनवाणी त्या पेटीला हात लावत होता. घरी त्याला दोन लहान मुली होत्या, त्यातली एक तेव्हा कॅनच्या झाकणाशी खेळत होती.

दोन तास आम्ही काम केलं. पेटी पुसून वाळवली, अर्थिंग नवी केली, केबल खालून वळवून घेतली, चपट्या भोकाचं रबर बसवलं. बाईंनी स्वतः केबल ओढून बघितली, मगच स्विच चालू करू दिला. सचिव आता निवळला होता, पण त्याने विचारलंच, "पर चूक कुणाची म्हणायची ही?"

बाई म्हणाल्या, "माझी. मी न बघता ग्लँड दिला."

मी काही बोललो नाही. हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली आहेत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कारखान्याच्या तक्रार रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने नोंद केली. मालकांनी त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं. त्या वर्षी त्या रीतसर हुद्द्याने स्टोअरप्रमुख होणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. ती जागा बाहेरून आलेल्या एका माणसाला मिळाली, आणि बाई त्याला ग्लँड ओळखायला शिकवत बसल्या. मालकांनी कांबळेबाईंची चूक लगेच मान्य केली. माझी असू शकेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. का आलं नाही, ते त्यांचं आडनाव आणि माझी पेठ ऐकून कुणालाही कळेल, आणि मला ते तेव्हाही कळत होतं. मी ते सोयीचं म्हणून चालवून घेतलं. बाई माझ्याशी पहिल्यासारख्याच वागत राहिल्या. फक्त 'पेठेतलं साहेब' म्हणणं बंद झालं. नुसतं 'साहेब' म्हणायच्या.

गेल्या महिन्यात बाई निवृत्त झाल्या. मी आता कारखान्याचा मॅनेजर आहे, त्यामुळे निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. मी ठरवून टाकलं, आज सगळं सांगायचं. हार, नारळ, शाल झाल्यावर मी उभा राहिलो आणि गगनबावड्याची गोष्ट सगळ्यांपुढे सांगितली. शेवटी म्हणालो, "चूक माझी होती. पण या माउलीनं ती स्वतःच्या अंगावर घेतली आणि मला वाचवलं." टाळ्या थांबेनात. दोन-तीन पोरींनी डोळे पुसले. मला फार हलकं वाटलं.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक चहाकडे वळल्यावर त्या माझ्यापाशी आल्या.

"भाषणात खोटं बोललासा, साहेब."

"बाई, खोटं काय?"

"मी तुमची चूक कशाला घिऊ? मला काय स्वतःच्या कमी हायत? तुकडा न बघता ग्लँड दिला ही माझी. ती मी त्याच दिवशी लिवली. केबल न बघता बघितली म्हणून सांगितलं ही तुमची. ती येगळी हाय. मी तिला हात बी लावलेला न्हाय."

बाई मला हाताला धरून नाही, पण जवळजवळ तसंच, ऑफिसात घेऊन गेल्या. कपाटातलं जुनं रजिस्टर कुठल्या खणात आहे हे त्यांना न शोधता माहीत होतं. पान उघडलं. त्यांचं ठसठशीत अक्षर: 'तुकडा न बघता ग्लँड दिला.' खाली सही. त्याच्याखाली दोन ओळी मोकळ्या सोडून पुढच्या तक्रारीची नोंद सुरू झाली होती. सगळ्या रजिस्टरमध्ये अशी मोकळी जागा दुसरीकडे कुठेही नव्हती. ती त्यांनी माझ्यासाठी सोडली होती. बारा वर्षं ऑफिसातल्या कपाटात ती तशीच होती.

"शाबासकी मिळाली तुम्हाला," त्या म्हणाल्या. "आता लिवा."

मी खिशातलं पेन काढलं. 'केबल पाहिली नव्हती. पाहिली असं सांगितलं.' एवढंच लिहिलं आणि सही केली. एवढं लिहायला मला त्या सगळ्या भाषणापेक्षा जास्त वेळ लागला. बाईंनी चष्मा वर सरकवून दोन्ही वाक्यं वाचली. मला वाटलं संपलं. मी रजिस्टर मिटायला घेतलं, तर त्यांनी पानावर बोट ठेवलं.

"तारीख?"

मी विचारलं, "तेव्हाचीच घालू ना?"

"आजची घाला," बाई म्हणाल्या. "उशीर झालाय त्यो बी दिसू दे."

मी आजची तारीख घातली. त्यांनी रजिस्टर जागच्या जागी ठेवलं, शाल घडी करून पिशवीत कोंबली आणि जिन्याशी गेल्या. तिथे वळून म्हणाल्या, "चला, पेठेतलं साहेब. चहा गार व्हायलाय."